अशिलाचं गुपित, वकिलाची झोप

नमस्कार श्रोतेहो. सांगलीत विजयनगरच्या कोर्टात मी बरीच वर्षं वकिली करतोय. आज कायद्याचं नाही, कायद्यावर पोट असलेल्यांचं बोलणार आहे.

मध्यंतरी मला रोज रात्री दोनला जाग यायची. मोबाईलच्या उजेडात डायरी उघडायची आणि दिवस मोजायचे. दोघा भावांचा वाटपाचा दावा होता, निकाल आमच्या विरोधात गेलेला. जिल्हा कोर्टात अपिलाला मुदत ३० दिवसांची, निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यात धरत नाहीत. बोटांवर मोजायचो, बरोबर यायचं. पुन्हा मोजायचो. गंमत म्हणजे अपील दाखल होऊन आठवडा उलटला होता!

बायको विचारायची, "काय झालं हो?" मी म्हणायचो, काही नाही. सांगणार काय? अशिलानं विश्वासानं सांगितलेलं वकिलानं बाहेर बोलायचं नाही. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १३२ मध्ये आहे. कलम चांगलंच आहे हो. पण त्याच्या आडोशाला आम्ही आमचंही सगळं लपवतो.

त्यात १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले. आयुष्यभर ३०२ म्हणत आलेली जीभ आता खुनाला १०३ म्हणताना अडखळते. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. पक्षकाराची मुंबईवारी वाचली, फार चांगलं झालं. आमची मात्र सकाळी कोल्हापूर, दुपारी विजयनगर अशी पळापळ. इकडे पुकारा झालेला आणि आपण अजून जयसिंगपुरात!

ज्युनिअरचे हाल तर विचारू नका. पुढची तारीख मागायचा मुदत अर्ज घेऊन तोच उभा राहणार, कोर्टाचं ऐकणार, बाहेर आल्यावर अशिलाचंही. ग्रामीण भागातल्या ज्युनिअरला महिना किमान १५,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस वकिलांच्या देशपातळीवरच्या संस्थेनं, बार कौन्सिल ऑफ इंडियानं, २०२४ मध्ये केली. शिफारसच ती. आम्ही सीनिअर मंडळी बाररूममध्ये तिच्यावर चहा पितो.

तिथंच एकदा एका ज्येष्ठांनी माझे डोळे बघितले. म्हणाले, "अरे, दावा अशिलाचा आहे. झोप तुझी उडालीय, ती कुणाचं गुपित?"

त्या संध्याकाळी गाडी आवारातच उभी ठेवून, काचा वर करून मी १४४१६ लावला. टेलिमानस, मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोन सेवा आहे, फुकट, रात्रीसुद्धा चालू, आणि मराठीत बोलता येतं. मी उलटतपासाच्या तयारीनं बसलेलो. पलीकडच्या बाईंनी एवढंच विचारलं, "झोप किती तास लागते? जेवण वेळेवर होतं का?" दाव्याचं नाव नाही, भावांचं नाही. वीस मिनिटं बोललो असेन.

पुढे डॉक्टरांकडेही गेलो. डायरी आता ऑफिसातच राहते. परवा रात्री जाग आली, पण पाणी पिऊन परत झोपलो. सकाळी बायको म्हणाली, "घोरत होतात."