निकाल लागेपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत ‘फुटबॉल’ म्हणजे हातात धरून पळायचा तो लांबुळका चेंडू. आपल्या फुटबॉलला तिथे सॉकर म्हणतात. पण तिथल्या कॉलेजांच्या पुरुष सॉकरची राष्ट्रीय स्पर्धा १९५९पासून चालू आहे. तिच्यातल्या अंतिम सामन्यांचे किस्से मला भारी आवडतात. बरोबरी झाली तर करायचं काय, हे कोडं त्या मंडळींना बरीच वर्षं सुटत नव्हतं!

१९६७ची गोष्ट घ्या. सेंट लुईस विरुद्ध मिशिगन स्टेट. हवामानानं घात केला, एकही गोल न होता सामना थांबला आणि दोघांनाही विजेते ठरवलं. सेंट लुईसच्या नावावर दहा विजेतेपदं आहेत, त्यातलं एक हे असं वाटून घेतलेलं. पुढच्या वर्षी मिशिगन स्टेट पुन्हा अंतिम फेरीत. मेरीलँडशी २-२ अशी बरोबरी, पुन्हा वाटणी! लागोपाठ दोनदा विजेते, आणि अंतिम सामना एकदाही जिंकलेला नाही. याला काय म्हणावं?

मग आलं १९८५. सिएटलचं किंगडोम स्टेडियम छताखालचं, त्यामुळे पावसावर खापर फोडायची सोय नाही. यूसीएलए, म्हणजे लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ, आणि अमेरिकन युनिव्हर्सिटी समोरासमोर. नव्वद मिनिटं झाली, शून्य-शून्य. दहा मिनिटं वाढवली. आणखी दहा. आणखी दहा... अशी आठ वेळा! यूसीएलएचा गोल झाला तेव्हा दोन सामन्यांची मिनिटं भरत आली होती. १६६वं मिनिट चालू होतं की संपलं होतं, हे मोजायलाही कोणाच्यात त्राण उरलं नसेल.

नंतर पेनल्टी आल्या. २०१९ला जॉर्जटाऊन आणि व्हर्जिनिया ३-३ वर अडले, तेव्हा जॉर्जटाऊननं पेनल्टीवर ७-६ अशी बाजी मारली.

आणि डिसेंबर २०२४, नॉर्थ कॅरोलिनातलं केरी. व्हरमाँट विद्यापीठ पहिल्यांदाच अंतिम फेरीत. मानांकनसुद्धा नाही. अख्ख्या व्हरमाँट राज्याची वस्ती साडेसहा लाखांच्या आसपास, म्हणजे नाशिक शहराच्या निम्मीही नाही. समोर मार्शल विद्यापीठ, एका गोलनं पुढे. ८१व्या मिनिटाला व्हरमाँटनं बरोबरी साधली. जादा वेळेत, ९५व्या मिनिटाला लांबून चेंडू आला, मॅक्सिमिलियन किसेल त्याच्यामागे सुटला. गोलरक्षक जागा सोडून पुढे धावत आलेला. किसेलनं त्याला चुकवलं, आणि समोर उरलं नुसतं रिकामं जाळं.