भाताचं शेत राखणारे कायदे

(दृश्य: चोडण, गोव्यातलं एक बेट. भरतीचं पाणी मानशीच्या दारावर थडकतं.)

भरती चढतेय. गोव्यातल्या मांडवी नदीचं खारं पाणी मानशीपर्यंत, म्हणजे बांधातल्या पाणदारापर्यंत, आलं आणि त्याच्याच दाबानं दार मिटलं. ओहोटी लागली की आतलं पाणी हेच दार ढकलून बाहेर पडेल. मोटर नाही, वीज नाही. लाकडी दार, चिऱ्यांची भिंत, दोन्ही बाजूंना चिखलमातीचा बांध. भरतीच्या पातळीपेक्षा खोल असलेली ही खाजन जमीन शेकडो वर्षं भात देत आली, ती या दाराच्या आधारावर.

(दृश्य: बांधावर चिखलाचे गोळे रचणारी माणसं.)

पावसाच्या पहिल्या सरी जमिनीतलं मीठ धुऊन नेतात. मग खारं सोसणारं कोरगुटासारखं बी शेतात पडतं. पीक निघाल्यावर याच पाण्यात मासळी आणि कोळंबी मिळते. पण बांधाला एक भगदाड पडलं की खारं पाणी माझं शेत, तुझं शेत असं बघत नाही. सगळ्यांचंच पीक जातं.

म्हणून बांध राखणं हे इथे कधीच एकट्याचं काम नव्हतं. पूर्वी ते गांवकारीकडे, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या कोमुनिदादीकडे असायचं. गोवा पोर्तुगीजांपासून मुक्त झाल्यावर, पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात, 1964 साली, कूळ कायदा आला. शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना, 1976 मध्ये, त्याला पाचवी दुरुस्ती झाली आणि कसणारं कूळ जमिनीचा मालक ठरलं. त्याच्या आदल्याच वर्षी कुळांच्या सामायिक जबाबदारीचे नियम झाले होते. कुळांनी संघ करायचा, मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव करायचा आणि त्या पैशातून बांध दुरुस्त करायचा. 1991 मध्ये आणखी एक कायदा झाला: कूळ कायद्याखाली मिळालेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कशालाही वापरायची नाही.

हे कायदे ओळीनं वाचले की जाणवतं, तेव्हाच्या विधानसभेला भुकेचं मूळ कुठे आहे ते नेमकं कळलं होतं.

(दृश्य: रेशन दुकान. यंत्रावर अंगठा ठेवणारी म्हातारी. तांदूळ पिशवीत पडतो.)

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 चा. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला 35 किलो धान्य, प्राधान्य कुटुंबात माणशी 5 किलो. 2023 पासून हे धान्य फुकट मिळतं. कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या बाईचं नाव. केंद्र धान्य देतं, ते दुकानापर्यंत नेणं राज्याकडे. लाभार्थी ठरवणं, तक्रार ऐकणारा जिल्हा अधिकारी नेमणं, राज्य अन्न आयोग बसवणं, हेही राज्याचंच काम. छत्तीसगडनं तर केंद्राची वाट न बघता 2012 मध्ये स्वतःचा अन्न सुरक्षा कायदा केला होता.

या पिशवीतला तांदूळ मुख्यतः परराज्यातला. गोव्यात पिकणारा तांदूळ गोव्याला पुरत नाही.

आता याच कायद्याच्या शेवटी, तिसऱ्या अनुसूचीत या. तिथवर फार थोडे पोचतात, पण आमच्या मते कायद्याचा जीव तिथे आहे. अन्न पिकवणारी जमीन आणि पाणी विनाकारण दुसरीकडे वळवायला मनाई करावी, असं त्यात लिहिलंय. आणि कलम 31 सांगतं की केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्था, तिघांनीही त्या दिशेनं झटायचं आहे. म्हणजे रेशनचं दुकान आणि ही मानस एकाच कायद्यात बसतात.

(दृश्य: वाऱ्यावर हलणारं पोटरीतलं भात. मग विधानसभेची इमारत, पर्वरी.)

2023 मध्ये गोव्याच्या विधानसभेनं शेतजमीन हस्तांतरणावर निर्बंध घालणारा कायदा केला. भाताची शेतं शेतकरी नसलेल्याला विकता येऊ नयेत, हा त्याचा गाभा. चांगला कायदा. तो मनापासून हवा होता.

पण त्याच वर्षी नगरनियोजन कायद्यात कलम 17(2) घातलं गेलं. कुठे शेती, कुठे बांधकाम असे झोन ठरवणाऱ्या प्रादेशिक आराखड्यातल्या चुका दुरुस्त करायच्या, असं सांगून. 2024 मध्ये कलम 39(अ) आलं, आणि एकेका भूखंडाचा झोन बदलण्याची वाट मोकळी झाली. 17(2) खालचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं 2025 मध्ये रद्द केले.

(दृश्य: रस्त्यालगतचं शेत, अर्ध्यात लाल मातीचा भराव. दहा सेकंद निवेदन नाही.)

भराव पडला की तिथे भात संपलं, आणि शेजारच्या शेतात पाणी तुंबतं.

(दृश्य: पुन्हा बांध. कुदळ, चिखल, हात.)

विक्रीवर निर्बंध आहे, तसाच निर्बंध झोन बदलण्यावरही यायला हवा. भाताचं शेत आणि खाजन यांना 17(2) आणि 39(अ) मधून वगळणारं एक पोटकलम विधानसभेला एका अधिवेशनात करता येईल. त्याचा मसुदाही नव्यानं शोधायला नको, तिसऱ्या अनुसूचीतलं ते वाक्य उचलून तिथे घालावं. आणि कुळांच्या संघांना बांधासाठी वेळेवर पैसा मिळावा, पावसाआधी.