उत्तरेचं पेव उघडतंय

(दृश्य: मंगळवेढ्याचं काळं रान. कापणीला आलेली मालदांडी ज्वारी.)

मंगळवेढ्याकडं पूर्वी ज्वारी पेवात साठवायचे. जमिनीत खोल खड्डा, आतून कडबा लावलेला, वरून तोंड मातीनं लिंपलेलं. पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरत नसे. तोंड बराच वेळ मोकळं ठेवायचं, मग पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं. कारण बंद जागेत ओल लागली की दाणा कुजतो, प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. घाईनं उतरलेली माणसं दगावायची.

पृथ्वीच्या उत्तरेलाही एक पेव आहे. त्याचं तोंड लिंपलंय ते थंडीनं.

(दृश्य: सैबेरियाचा नकाशा, मग अलास्का आणि उत्तर कॅनडा.)

सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ जी जमीन शून्य अंशाच्या वर जात नाही, ती पर्माफ्रॉस्ट. उत्तर गोलार्धातली साधारण १५ टक्के जमीन अशी आहे. उन्हाळ्यात वरचा थोडा थर वितळतो, त्यात गवत आणि खुरटी झुडपं वाढतात. खाली मात्र माती, दगड आणि बर्फ एकमेकांत गच्च गोठलेले. सैबेरियात काही ठिकाणी दीड हजार मीटर खोलपर्यंत.

हजारो वर्षं तिथं जे मेलं, ते पुरतं कुजलंच नाही. मुळं, पानं, मॅमथचे सांगाडे, सगळं तसंच पडून राहिलं. २०१२ साली रशियन शास्त्रज्ञांनी सुमारे ३२ हजार वर्षं गोठून राहिलेल्या फळांच्या पेशींपासून रोपं वाढवली. त्यांना फुलं आली, बी धरलं. इतकं नीट जपलं होतं त्या थंडीनं! या साठ्यात अंदाजे १,५०० अब्ज टन कार्बन आहे. आज साऱ्या वातावरणात जेवढा कार्बन आहे, त्याच्या पावणेदोन पटीच्या आसपास.

आता ही थंडी हटतेय. गेल्या चार दशकांत आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा जवळपास चौपट वेगानं तापला.

(दृश्य: वेर्खोयान्स्क, सैबेरियातलं छोटं गाव.)

२० जून २०२०. वेर्खोयान्स्कमध्ये पारा ३८ अंशांवर गेला. आपल्या सोलापुरात मे महिन्यात ३८ म्हणजे आज जरा बरं वाटतंय, असा दिवस. पण हे गाव आर्क्टिक वृत्ताच्या आत आहे आणि तिथं हिवाळ्यात उणे ६७ अंशांची नोंद आहे. पुढं जागतिक हवामान संघटनेनं तो आकडा तपासला आणि आर्क्टिकमधला उच्चांक म्हणून मान्य केला.

गोठलेली माती सैल झाली की सूक्ष्मजीव कामाला लागतात. जिथं हवा पोहोचते, तिथं कुजण्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. जिथं जमीन खचून पाणी साचतं, तिथं हवेविना मिथेन तयार होतो. वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे ८० पट जास्त तापवतो. वायू सुटले की हवा तापते, हवा तापली की आणखी जमीन वितळते. हे चक्र एकदा फिरू लागलं की बंद करायला बटण नाही, आणि मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

(दृश्य: बाटागाय इथली खचलेली जमीन, आकाशातून.)

याच भागात बाटागायजवळ एक दरी तयार झालीय. काही दशकांपूर्वी तिथलं जंगल तोडलं, सावली गेली आणि खालचा बर्फ वितळू लागला. आज ती सुमारे एक किलोमीटर लांब आहे आणि अजून वाढतेय.

२०१६ च्या उन्हाळ्यात सैबेरियाच्या वायव्येकडच्या यमाल द्वीपकल्पावर दोन हजारांहून जास्त रेनडिअर मेले आणि एक बारा वर्षांचा मुलगा दगावला. रोग होता अँथ्रॅक्स, आपल्याकडं ज्याला काळपुळी म्हणतात. जुन्या काळी याच रोगानं मेलेल्या जनावरांचे अवशेष वितळलेल्या जमिनीतून वर आले असावेत, असं तज्ज्ञ मानतात. सांगोल्याच्या मेंढपाळाला हे समजावून सांगावं लागणार नाही. कळप गेला म्हणजे काय जातं, ते त्याला ठाऊक आहे.

समाजमाध्यमांवर ‘मिथेनचा बॉम्ब फुटणार’ असे व्हिडिओ फिरतात. ते खरे नाहीत. सगळा साठा एका रात्रीत बाहेर पडेल, असं शास्त्रज्ञ म्हणत नाहीत. ही गळती दशकानुदशकं, शतकानुशतकं चालणारी आहे. पण गळती सुरू झालीय. अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या २०२४ च्या आर्क्टिक अहवालानं सांगितलं, की वणव्यांचा धूर हिशेबात धरला तर आर्क्टिकचा टुंड्रा, म्हणजे तिथला झाडं नसलेला गोठलेला माळ, आता कार्बन साठवण्यापेक्षा जास्त बाहेर टाकतोय. देश आपापल्या कारखान्यांचा, वाहनांचा हिशेब मांडतात. हा कार्बन कुणाच्याच वहीत चढत नाही, तापवतो मात्र सगळ्यांना.

(दृश्य: सोलापूर, दुपार. ओस पडलेला रस्ता. मग उजनीचा जलाशय.)

सोलापूर जिल्ह्यात वर्षाचा पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर. उजनी किती टक्के भरलं, यावर इथली ऊस-द्राक्षांची, पिण्याच्या पाण्याची, अगदी लग्नाच्या तारखांचीही बोलणी ठरतात. अशा ठिकाणी उष्म्याचा प्रत्येक जादा अंश आधी पाण्यावर आणि उन्हात राबणाऱ्या माणसावर पडतो. कार्बन डायऑक्साइड जगभर मिसळतो. याकुतियात, म्हणजे वेर्खोयान्स्कच्या त्या सैबेरियन मुलखात सुटलेला इथं पोहोचतो आणि इथला तिथं. शहराजवळच्या औष्णिक केंद्राची क्षमता १,३२० मेगावॅट आहे, आणि ते कोळशावर चालतं. त्या विजेवर आपले पंखे फिरतात, यंत्रमाग चालतात. ती वीज नको, असं इथं कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण वर्षातले इतके दिवस कडक ऊन देणाऱ्या या जिल्ह्यात ती किती काळ कोळशातूनच यावी, हे विचारायला हवं.

कारण अर्ध्या अंशानं फार मोठा फरक पडतो. औद्योगिक काळाच्या आधीच्या तुलनेत तापमानवाढ दोन अंशांऐवजी दीड अंशावर थांबली, तर पुढच्या शतकांमध्ये १५ ते २५ लाख चौरस किलोमीटर गोठलेली जमीन वितळण्यापासून वाचेल, असा आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचा अंदाज आहे. म्हणजे पाच ते आठ महाराष्ट्र मावतील एवढी जमीन.