'कोणीतरी केलंय'

मंडळी, आपण परदेशात राहत असलो, तरी आपल्यातल्या बहुतेकांची गावं रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली. 'करणी' म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण हा शब्द घरात निघाला की आवाज खाली का जातो, त्यावर बोलायचं आहे.

शब्द मुळात साधा आहे. करणे, त्यावरून करणी. 'देवाची करणी आणि नारळात पाणी' म्हणताना कुणी दचकत नाही. तीच करणी कुणी कुणावर 'केली' म्हटलं, की उंबऱ्याखाली टाचण्या टोचलेलं लिंबू शोधायला लागतात. पुष्कळदा तर शब्दच गिळून टाकतात. नुसतं 'कोणीतरी केलंय' म्हणतात. काय केलं ते नाही, कोणी केलं तेही नाही. ती रिकामी जागा मांत्रिक भरतो, तीही नाव न घेता: 'नात्यातलीच आहे, उगवतीकडच्या घरातली, एकटी असते.' एवढं पुरतं. सामाईक घर, सातबाऱ्यावर डझनभर नावं, हिस्सा मागणारी एखादी विधवा काकी. बोट तिच्याकडेच वळतं. मला या शब्दाचा राग येतो तो इथे.

माड सुकला तरी करणीच. प्रत्यक्षात गेंड्या भुंगा शेंड्यात शिरून कोवळा कोंब खातो. पुढे झावळी उलगडली की तिच्यावर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात. शेंड्याजवळच्या भोकातून चोथा बाहेर आलेला असतो. माडावर चढणाऱ्याला विचारा, तो दाखवील.

अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्राने जनावरांचं दूध आटवते, असं सांगून तिच्याविषयी संशय पसरवणं हा त्यात गुन्हा आहे. कायदा लिहिणाऱ्यांना गाव ठाऊक होतं! साप-विंचू चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं, हाही गुन्हाच. लाल विंचू चावला की दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, फुप्फुसात पाणी होतं. महाड भागात डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिनच्या साध्या गोळ्या वापरल्या आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले.

आता आपल्याकडचं. गावाहून फोन येतो, 'घरात बरं नाही, एकदा बघून घ्यायला हवं, थोडे पैसे पाठव.' आपण लांब असतो, जीव तुटतो, आणि पाठवतो. माझी कळकळीची विनंती आहे, पैसे जरूर पाठवा, पण डॉक्टरकडे नेण्यासाठी, तपासण्यांसाठी. आणि जिचं नाव कुजबुजलं जातंय, त्या काकीला त्याच दिवशी फोन लावा, तिची विचारपूस करा. परदेशातून तिला फोन आला, हे वाडीत संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं.