बाहेरच्या रुळाचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्याहून पनवेल-वाशीकडे जाणाऱ्या लोहमार्गाला तुर्भे सोडलं की दोन फाटे फुटतात. एक सानपाडा-वाशीकडे वळतो, दुसरा जुईनगर-नेरूळकडे. गाडी अशा वळणाला लागली की कधी कधी खालून किरकिर ऐकू येते, लोखंडावर लोखंड घासल्याची. आजचं बोलणं या किरकिरीपासून सुरू होईल आणि कुत्र्याच्या शेपटीपाशी थांबेल. मधे धावण्याचं मैदान लागेल.

खळ्यात मळणी चालते तेव्हा तिवड्याजवळ, म्हणजे मधल्या खुंटाजवळ, म्हातारा बैल बांधतात आणि कडेला तरणा, ते उगाच नाही. कडेच्या बैलाला प्रत्येक फेरीत जास्त चालावं लागतं. किती जास्त? इथे एक गंमत आहे. खळं लहान असो की मोठं, हा फरक बदलत नाही. दोन बैलांमधलं अंतर घ्या, त्याला सव्वासहाने गुणा, झाला एका फेरीतला फरक. एवढं सूत्र लक्षात ठेवा. रूळ, मैदान आणि शर्यतीचा कुत्रा, तिघांनाही ते लागू पडतं.

आधी रूळ. दोन रुळांमधलं अंतर, ज्याला आपण गेज म्हणतो, ते रुळाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजत नाहीत. दोन्ही रुळांच्या माथ्यांच्या आतल्या कडा धरतात, आणि तेही माथ्यावर टेप ठेवून नव्हे, तर माथ्याखाली साधारण दीड सेंटिमीटरवर, कारण चाकाची कडा, म्हणजे चाकाच्या आतल्या बाजूचा पुढे आलेला काठ, रुळाला तिथे टेकते. आपल्या लोकलचं गेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे घेऊन जी गाडी आली, ती याच रुंदीच्या रुळांवरून. त्याआधी गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसींचं मत सहा फुटांच्या बाजूनं होतं. इंग्लंडात चार फूट साडेआठ इंच रूढ होत होतं. आपल्याकडे साडेपाच फूट ठरलं, आणि एकदा ठरल्यावर इंजिनं, डबे, पूल, फलाट सगळं त्याभोवती उभं राहिलं. पाकिस्तान, श्रीलंका, अर्जेंटिना इथेही हीच रुंदी आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को परिसरात धावणारी बार्ट ही शहरी रेल्वेही १६७६ मिलिमीटरवर धावते, हे मात्र पुष्कळांना पटत नाही.

इंग्लंडातलं ते साडेआठ इंचाचं माप रोमन रथांच्या दोन घोड्यांच्या पाठींवरून आलं, ही गोष्ट तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर वाचली असेल. सांगायला छान आहे. पण तिथले रेल्वे अभियंते जॉर्ज स्टीफन्सन ज्या कोळशाच्या खाणीत काम करत होते, तिथल्या ढकलगाड्यांचा मार्ग चार फूट आठ इंचांचा होता. त्यांनी तोच पुढे नेला, आणि चाकांना थोडी मोकळीक मिळावी म्हणून नंतर अर्धा इंच वाढवला. घोडा त्या ढकलगाड्या ओढत होता, एवढाच घोड्याचा संबंध.

आता किरकिर का होते ते पाहू. दोन रुळांच्या मध्यरेषांमधलं अंतर सुमारे १७५० मिलिमीटर. आपलं सूत्र लावलं तर पूर्ण फेरीत बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा अकरा मीटर लांब, आणि काटकोनात वळणाऱ्या मार्गावर त्याच्या चौथाई, पावणेतीन मीटर. योगायोगाने रुळांखाली आडव्या टाकलेल्या एका काँक्रीट स्लीपरची लांबीही एवढीच असते. माथेरानच्या गाडीचं गेज ६१० मिलिमीटर, म्हणून तिथे काटकोनातला फरक जेमतेम एक मीटरचा. डोंगरातल्या नागमोडी मार्गाला अरुंद गेज घेण्यामागे हेही एक कारण.

अडचण अशी की रेल्वेची दोन्ही चाकं एकाच आसावर दाबून घट्ट बसवलेली असतात. मोटारीसारखी ती वेगवेगळ्या वेगाने फिरू शकत नाहीत. मग बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं कसं? चाकाचा घेर सगळीकडे सारखा नसतो. आतल्या बाजूला, म्हणजे कडेजवळ, तो मोठा असतो आणि बाहेर निमुळता होत जातो, मूळ घडणीत दर वीस मिलिमीटरला एक मिलिमीटर या उताराने. गाडी वळणावर बाहेर सरकते, बाहेरचं चाक आपल्या जाड भागावर येतं, आतलं चाक बारीक भागावर जातं, आणि एकाच फेऱ्यात दोघं वेगवेगळं अंतर कापतात.

हे घरी करून पाहता येईल. चहाचे दोन कागदी कप घ्या आणि तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीने जोडा, म्हणजे मधे फुगीर आणि टोकांना निमुळतं असं रूळगाडं तयार होईल. दोन लांब पट्ट्या समांतर ठेवा, एका टोकाखाली पुस्तक सरकवून थोडा उतार द्या. पट्ट्यांमधलं अंतर असं ठेवा की प्रत्येक पट्टी एकेका कपाच्या साधारण मध्यावर यावी. कप सोडा. थोडे तिरके सोडलेत तरी ते डावी-उजवीकडे झुलत पुन्हा मध्यावर येतात. आता दुसरे दोन कप बुडाला बूड लावून जोडा आणि तसेच सोडा. ते घसरून पट्टीवरून पडतील. पहिली जोडी पडली, तर बहुधा पट्ट्या समांतर नाहीत किंवा उतार जास्त झालाय.

या युक्तीला मर्यादा आहे. आपल्या ब्रॉडगेज चाकांच्या आतल्या पाठींमधलं, म्हणजे एकमेकांकडे तोंड असलेल्या बाजूंमधलं, अंतर १६०० मिलिमीटर, दोन्ही कडांची जाडी प्रत्येकी साडेअठ्ठावीस. बेरीज १६५७. म्हणजे १६७६ मध्ये १९ मिलिमीटर मोकळीक उरते. काँक्रीट स्लीपरवर रूळ मुद्दाम १६७३ वर बसवतात, म्हणजे मोकळीक १६ वर येते आणि सरळ मार्गावर गाडी कमी हिंदकळते. चाकाला एका बाजूला सरकायला आठ-नऊ मिलिमीटरच मिळतात. नव्या चाकाचा हिशेब मांडला तर एवढ्या सरकण्यावर सुमारे एक किलोमीटर त्रिज्येचं वळण सुटतं. त्याहून तीव्र वळणावर चाकाची कडा बाहेरच्या रुळाला घासू लागते, आतलं चाक फरफटतं, आणि तुर्भ्याला ऐकू येते ती किरकिर सुरू होते.

म्हणून तीव्र वळणावर बाहेरच्या रुळाच्या आतल्या अंगाला ग्रीस लावतात. ते माथ्यावर सांडलं तर ब्रेक लावताना चाकं घसरतात, म्हणून ते अंगालाच लागलं पाहिजे. बाहेरचा रूळ थोडा उंचही ठेवतात. ब्रॉडगेजवर ही उंची साधारणपणे १६५ मिलिमीटरच्या आत असते. ही उंची एका ठरावीक वेगासाठी काढलेली. त्याहून जोरात गाडी गेली तर भार बाहेरच्या रुळावर, रेंगाळत गेली तर आतल्यावर. लोकल, एक्स्प्रेस आणि मालगाडी एकाच वळणावरून जात असतील तर बाहेरचा रूळ अंगाला झिजतो, आतला माथ्याला चपटतो. रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या क्लिपा सैल झाल्या किंवा रूळ आणि क्लिप यांमधले लायनर झिजले, की गेज फाकायला लागतं. कीमन हातोडा घेऊन आपल्या हद्दीतला मार्ग रोज पायी तपासतो तो यासाठी. कुतूहल म्हणून रूळ मोजायला खाली उतरू नका, तो गुन्हा आहे. फलाटावरून चाकाची आतली कडा दिसते तेवढी पुष्कळ.

नवी मुंबईत १७ नोव्हेंबर २०२३ ला बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली. तिचं गेज १४३५ मिलिमीटर, म्हणजे तेच चार फूट साडेआठ इंच. ठाण्यातून जाणार असलेल्या बुलेट ट्रेनचंही तेच. गेज अरुंद म्हणजे डबा अरुंद, असं मात्र समजू नका. आपल्या लोकलचा डबा ३.६६ मीटर रुंद, आणि जपानच्या शिंकान्सेनचा, १४३५ वर उभा असून, ३.३५ मीटर. डब्याची रुंदी ठरते बोगद्यांवरून, फलाटांवरून आणि शेजारच्या मार्गापर्यंतच्या जागेवरून. मेट्रोवाले १४३५ घेतात ते जगभरात त्या मापाचे डबे आणि सुटे भाग सहज मिळतात आणि गल्लीबोळांच्या शहरात वळणं काढायला सोपं जातं म्हणून.

आता मैदान. ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडागृहात असो की ऑलिंपिकमध्ये, धावपटू डावीकडे वळत धावतात, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. का? हृदय डावीकडे असतं म्हणून, असं छातीठोक सांगतात. पण १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये धावपटू घड्याळाच्या काट्यांप्रमाणे धावले होते, आणि त्यांची हृदयंही डावीकडेच होती. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम तर या अंतरावर नगण्य. पुढे एक दिशा सगळ्यांनी मान्य केली आणि नियमात बसवली, इतकंच. आपल्याकडे प्रदक्षिणा उलट, देव उजव्या हाताला ठेवून. आणि ठाण्यातल्या मासुंदा तलावाकाठच्या कौपिनेश्वरासारख्या शिवमंदिरात तर पन्हाळीपर्यंत जाऊन परत फिरायचं. दोन्ही दिशा एकाच प्रदक्षिणेत.

प्रमाणित मैदानात सरळ भाग ८४.३९ मीटर, वळणाची आतली त्रिज्या साडेछत्तीस मीटर, प्रत्येक लेन १.२२ मीटर. पहिल्या लेनची लांबी आतल्या कठड्यापासून ३० सेंटिमीटर बाहेर धरून मोजतात, बाकीच्यांची आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटरवर. म्हणून दुसऱ्या लेनचा फरक ७.०४ मीटर, त्यापुढे प्रत्येक लेनला ७.६७. ४०० मीटरच्या शर्यतीत आठव्या लेनचा धावपटू ५३ मीटर पुढे उभा दिसतो तो यामुळे. सकाळी चौथ्या लेनमधून दहा फेऱ्या मारून चार किलोमीटर झाले असं लिहिणाऱ्यांनी २२४ मीटर वाढवून घ्यावेत. रोज एकाच दिशेनं पळणाऱ्याचे दोन्ही पाय सारखे दमत नाहीत. दिशा बदलायची असेल तर मैदान रिकामं असताना, बाहेरच्या लेनमधून. पहिल्या लेनमध्ये उलटं धावणारा कोणाच्या तरी अंगावर जातोच.

घोड्यांच्या शर्यतींत एकमत नाहीच. इंग्लंडात एप्समला डावीकडे वळतात, अ‍ॅस्कटला उजवीकडे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या फ्लेमिंग्टनला डावीकडे, सिडनीच्या रँडविकला उजवीकडे. फॉर्म्युला वन या मोटारशर्यतींचे बरेचसे मार्ग घड्याळाच्या दिशेचे. सिंगापूर, अबू धाबी, ब्राझीलचं इंटरलागोस हे उलटे, आणि तिथे चालकांची मान दुखते, कारण एरवी कमी वापरलेल्या बाजूच्या स्नायूंवर भार येतो.

खरी मोजदाद झाली आहे ती कुत्र्यांची. ग्रेहाउंडच्या शर्यती डावीकडे वळत होतात. माणूस वळणावर मंदावतो, कारण त्याच्या पायांना शरीर पेलायचं असतं आणि पुढेही ढकलायचं असतं. वळणावर भार वाढला की पाऊल जमिनीवर जास्त वेळ टेकवावं लागतं. ग्रेहाउंड मंदावत नाही, हे २००५ साली मोजून दाखवलं गेलं. त्याचा जोर कमरेच्या आणि पाठीच्या स्नायूंतून येतो, पाय खांबासारखे भार पेलतात. सायकलस्वार वळणावरही पॅडल मारत राहतो, काहीसं तसंच. याची किंमत पाय मोजतो. शर्यतीच्या ग्रेहाउंडचं मागच्या पायाच्या घोट्यातलं मधलं हाड मोडतं ते जवळजवळ नेहमी उजव्या पायातलं, वळणाच्या बाहेरच्या बाजूचं. सरावानं त्याच बाजूचं ते हाड जास्त घट्टही झालेलं आढळतं. बाहेरचा रूळ अंगाला झिजतो, तसंच हे.

पण कुत्र्याला स्वतःचंही डावं-उजवं असतं. २००७ साली इटलीतल्या संशोधकांनी तीस कुत्र्यांच्या शेपट्या वरून कॅमेरा लावून पाहिल्या. मालक दिसला की शेपूट उजवीकडे जास्त झुकून हलायची. अनोळखी माणूस दिसला तरी उजवीकडेच, पण कमी. अनोळखी, दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. २०१३ साली त्यांच्यापैकी काहींनी पुढची पायरी घेतली: डावीकडे शेपूट हलवणाऱ्या कुत्र्याचं चित्रण दाखवलं की पाहणाऱ्या कुत्र्यांच्या हृदयाचे ठोके वाढायचे.

हे सोसायटीत पाहायचं असेल तर नुसत्या डोळ्यांनी जमणार नाही, शेपूट फार वेगानं हलते. मोबाइल स्लो मोशनवर ठेवा आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून, कुत्र्याच्या पाठीवरून चित्रण घ्या. शेपूट वळलेली असेल तर बाजू कळत नाही, आपल्या गावठी कुत्र्यांत तशी पुष्कळ असतात; सरळ शेपटीचा निवडा. उजवी बाजू म्हणजे त्याची उजवी. समोरून घेतलेलं चित्रण पाहून निष्कर्ष काढलात, तर घरच्या माणसाला पाहून हललेली शेपूट तुम्ही शत्रूच्या खात्यात मांडाल.