पोरगं ॲडमिट आहे? मग दहा मिनिटं खोलीबाहेर जा

नमस्कार मंडळी. आवाज नीट येतोय ना? मागे नाशिकच्या मुंबई नाक्याचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या, खिडकी लावली की मला घाम फुटतो.

मागे डेंग्यूवर व्हिडिओ टाकला होता. त्याखाली प्लेटलेट्सपेक्षा दुसऱ्याच गोष्टीवर जास्त प्रश्न आले. 'ताई, मुलगा पंधरा वर्षांचा, ॲडमिट आहे, आमच्याशी बोलतच नाही.' 'पोरगी चौदाची, सिस्टर आल्या की भिंतीकडे तोंड करते.' 'दोन वर्षांपूर्वी असा नव्हता हो.' सिडको, सातपूर, पिंपळगाव, ओझर, सगळीकडून तेच. म्हणून म्हटलं, एकदा बसून बोलूच. मी नर्स आहे, बरीच वर्षं वॉर्डात काढली आहेत, त्यामुळे जे सांगते ते बेडच्या बाजूला उभं राहून पाहिलेलं आहे. मुलांची माहिती थोडी बदलून सांगणार, ओळख पटवायचा प्रयत्न करू नका.

आधी पटापट मूळ मुद्दे. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वय किशोरवयात धरते. एरिक एरिक्सन नावाचे मानसशास्त्रज्ञ म्हणाले होते की या वयातलं मुख्य काम म्हणजे 'मी कोण' हे शोधणं. त्यासाठी मित्र लागतात, थोडं स्वातंत्र्य लागतं, स्वतःच्या शरीरावर स्वतःचा ताबा लागतो, आणि दार लावून बसायला एक कोपरा लागतो. दवाखान्यात पहिल्याच दिवशी हे सगळं जातं. मागून उघडा गाऊन, बेडपॅन, वेळेवर लाइट बंद, आणि कोणीही येऊन पांघरूण उचलतं. बस. तुम्हीही त्या वयातून गेला आहात, यात नवीन काही नाही. पुढे चला.

हां, एक गोष्ट मात्र मध्येच सांगते. आपल्याकडे बऱ्याच दवाखान्यांत मुलांचा वॉर्ड बारा नाहीतर चौदा वर्षांपर्यंत. म्हणजे तेरा वर्षांचा, मिसरूड फुटायला लागलेला पोरगा भिंतीवरच्या ससा-हत्तीच्या चित्रांखाली झोपणार, शेजारी सहा महिन्यांचं बाळ रात्रभर रडणार. आणि एक वर्षाने मोठा असेल तर थेट मोठ्यांच्या वॉर्डात, बाजूला दमेकरी आजोबा. तो दोन्हीकडे परकाच. अमेरिकेत बोस्टनच्या बालरुग्णालयात १९५१ साली डॉ. रॉसवेल गॅलाघर यांनी या वयासाठी वेगळा विभाग सुरू केला. त्याला आता पाऊणशे वर्षं होत आली. आपल्याकडे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७, एवढं तरी सांगतो की मानसोपचारासाठी दाखल केलेल्या अठराच्या आतल्या मुलांना मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं. पण पाय मोडलेल्या किंवा कावीळ झालेल्या पोराचं काय? इमारत बदलणं तुमच्या-माझ्या हातात नाही. जे हातात आहे त्यावर येते.

आता खरा विषय. हाच विषय आहे, बाकी सगळं याच्या मागून.

डॉक्टर राउंडला येतात. बेडजवळ उभे राहतात. पोराकडे बघून विचारतात, 'काय रे, रात्री झोप लागली का?' आणि आई म्हणते, 'नाही हो, बारापर्यंत जागाच होता.' 'दुखतंय का?' वडील म्हणतात, 'कालपेक्षा कमी आहे.' 'शी झाली का?' यावर आई, मावशी आणि शेजारच्या बेडवरच्या काकू, तिघी उत्तर देतात! आणि ज्याचं पोट आहे तो छताकडे बघत पडलेला. मग बाहेर येऊन मला म्हणतात, 'सिस्टर, हा काही बोलतच नाही.' अहो, बोलायला जागा कुठे ठेवली तुम्ही?

माझं एवढंच म्हणणं आहे. दिवसातून एकदा, दहा मिनिटं, डॉक्टर किंवा नर्सबरोबर पोराला एकटं सोडा. तुम्ही बाहेर. चहाला जा, औषधं आणायला जा, मोबाईल चार्ज करायला जा. पडद्यामागे उभं राहून कान देऊ नका, पाय दिसतात पडद्याखालून.

मागे एका छोट्या क्लिपमध्ये मी हे बोलले होते. त्यावर एका काकांची कमेंट: 'आई-बापाला बाहेर काढणाऱ्या तुम्ही कोण? बिल आम्ही भरतो.' काका, बिल तुम्हीच भरा, मी कशाला भरू? पण पोट त्याचं आहे ना. त्याच्या पोटात काय दुखतंय ते बिलावर येत नाही.

बरं, भावनेचं सोडा, औषधाच्या बाजूने बघा. एक मुलगी होती, लघवीतून प्रथिनं जाऊन अंगाला सूज यायची, नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतात. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू. आई शपथेवर सांगायची, 'वेळच्या वेळी देते.' देत होती, खोटं नाही. पण आजार पुन्हा उलटून आला. डॉक्टर डोस वाढवायच्या विचारात. आई केस पेपरच्या खिडकीवर गेली तेव्हा मी बीपी घेत होते, बोलता बोलता म्हटलं, 'या गोळ्यांनी चेहरा गोल होतो ना गं, शाळेत कोणी काही म्हणतं का?' तिने आधी दरवाजाकडे बघितलं. मग म्हणाली, 'फुगा म्हणतात.' आणि मग हळूच, 'मी गोळ्या कुंडीत टाकते.' स्टेरॉइड असं मनाने एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं, मोठी माणसंसुद्धा हे विसरतात. ही माहिती आईसमोर कधीच आली नसती. पुढे डॉक्टरांनी तिलाच समोर बसवून सांगितलं, गोळी का हवी, डोस कमी होत गेला की चेहरा कसा पूर्ववत होतो. तिलाच सांगितलं, आईला नाही. हे महत्त्वाचं.

ऑपरेशनच्या आधी तर हे फारच लागतं. भूलतज्ज्ञ विचारतात, 'तंबाखू, सिगारेट, काही घेतोस का?' सगळं खानदान उभं आहे. आजोबा आहेत! कोण हो म्हणणार? आई तर डॉक्टरांवरच चिडते, 'छे, आमच्याकडे असलं काही नाही.' पण फुप्फुसाला खानदान माहीत नसतं, त्याला भूल द्यायची आहे. मुलींचं तसंच. एक्स-रेच्या आधी 'पाळी कधी आली होती' हे काका-मामांच्या देखत मोठ्याने विचारायचं आणि तिने खरं उत्तर द्यावं अशी अपेक्षा करायची. हे आमच्या लोकांनाही सांगते आहे, नर्सिंगच्या मुली बघतात हा चॅनल. पडदा ओढा, आवाज खाली करा, आणि पांघरूण उचलण्याआधी विचारा. 'इंजेक्शन डाव्या हाताला देऊ का उजव्या?' एवढा एक प्रश्न. इंजेक्शन घ्यायचं की नाही हे त्याच्या हातात नाही, पण हात कोणता हे असू शकतं. ज्याचा कशावरच ताबा उरलेला नाही त्याला तेवढंही पुरतं.

आणि आता पोराच्या बाजूने. मोटरसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलेला एक जण होता, दहावीतला. घरचे बागायतदार, द्राक्षाची छाटणी चालू, तरी आई एक क्षण हलायची नाही. पाय वजनाला टांगलेला, तोंडातून शब्द नाही. सगळ्यांना वाटलं परीक्षेचं टेन्शन. आई एकदा डबा धुवायला गेली आणि याने विचारलं, 'सिस्टर, माझा एक पाय आखूड राहील का?' तो प्रश्न त्याने पहिल्या दिवसापासून गिळून ठेवला होता. आईसमोर विचारलं असतं तर ती रडली असती, आणि तिला रडवायचं नव्हतं. लक्षात येतंय का? आपण म्हणतो पोरगं काही सांगत नाही, आणि पोरगं आपल्यालाच सांभाळत असतं.

दोन गोष्टी स्पष्ट करते, नाहीतर कमेंटमध्ये याल. एक, एकट्याने बोलणं वेगळं आणि तपासणी वेगळी. मुलीची शारीरिक तपासणी पुरुष डॉक्टर करणार असतील तर बाई नर्स किंवा आई तिथे हवीच, मुलीला कोण हवं ते तिलाच विचारा. दोन, आम्ही पोराला 'कोणाला सांगणार नाही' असं कोरं वचन देत नाही. जिवाला धोका असेल, कोणी अत्याचार करत असेल, तर सांगावंच लागतं. पॉक्सो कायद्यात तर अठराखालच्या मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्याची खबर देणं बंधनकारक आहे. हे आम्ही पोराला आधीच सांगतो. बाकी, मैत्रीण आहे का, एकदा सिगारेट ओढली का, ते आमच्याजवळ राहतं.

आणि दहा मिनिटांत तो काहीच बोलला नाही तर? नाही बोलला. उद्या परत. बाहेर आल्यावर 'काय विचारलं रे तुला' म्हणून उलटतपासणी घेऊ नका, तिथेच सगळं मुसळ केरात.

मोबाईलचा प्रश्न. सगळ्यात जास्त कमेंट यावर, 'मोबाईल काढून घेऊ का?' नाही. त्याचे मित्र त्यातच आहेत. रात्री ठरलेल्या वेळेला बाजूला ठेवायचा, एवढं त्याच्याशी बोलून ठरवा. पण याला जोडून माझी एक जुनी चीड आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक भागातून सिकलसेलची मुलं येतात. आजारात तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फोडल्यासारखी दुखतात. केंद्राने २०२३ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय अभियान सुरू केलं आहे, रक्ततपासण्या होतात, ते चांगलंच. पण असा पोरगा वेदनेत मोबाईलवर क्रिकेट बघताना दिसला की कोणीतरी म्हणतंच, 'बघ, मोबाईल बघतोय, म्हणजे दुखत नाही.' अहो, दुखतंय म्हणूनच बघतोय! लक्ष दुसरीकडे वळवणं हा वेदना सहन करायचा मान्य उपाय आहे. शून्य ते दहामध्ये किती दुखतंय ते विचारा आणि तो जो आकडा सांगेल तो मान्य करा. आणि त्या 'मर्द हो, रडतोस काय' वाल्या मामांना कृपा करून बाहेर फळं आणायला पाठवा.

झोपेचं थोडक्यात. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन हे हार्मोन उशिरा सुटतं, झोपेचं घड्याळच पुढे सरकतं. त्यात आम्ही सकाळी सहाला ताप मोजायला येतो. दुपारी झोपला म्हणून आळशी म्हणू नका.

खोटं बोलू नका, हेही थोडक्यातच, कारण याच्यावर मी तासभर बोलू शकते. 'काही नाही रे, ताकदीच्या गोळ्या आहेत.' फाईल पायाशी लटकलेली असते. त्याने आजाराचं नाव कधीच शोधलंय, आणि सगळ्यात भयंकर पान वाचून बसलाय. मुलांना त्यांच्याबद्दलच्या निर्णयात मत मांडायचा हक्क आहे, हे संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात आहे, भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. पण करार राहू दे, निदान कोणती गोळी कशासाठी एवढं त्याला कळू दे.

शाळा. दहावी-बारावीचं वर्ष असेल आणि लिहिता हात प्लास्टरमध्ये असेल तर लेखनिक मिळू शकतो. डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन शाळेत जा, अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. परीक्षेच्या आदल्या दिवशी धावपळ करू नका. वॉर्डात वह्या आणा, पण वजन टांगलेल्या पायावर गणिताचा क्लास लावू नका. एका ताईंनी खरंच विचारलंय, 'ऑनलाइन ट्यूशन दवाखान्यात चालेल का?' चालेल, त्यालाच हवी असेल तर.

आणि चिडचिड. एरवी मित्रासारखा वागणारा पोरगा आईवर ओरडतो, आमच्याशी मात्र नीट बोलतो. आया रडतात यावर. अहो, आमच्यावर ओरडायची त्याची हिंमत नाही म्हणून. तुम्ही सोडून जाणार नाही याची खात्री आहे, म्हणून तुमच्यावर. पंधरा वर्षांचा घोडा 'भरव ना' म्हणाला तर भरवा. दोन दिवस लहान झाला म्हणून काही बिघडत नाही, बरा झाला की आपोआप हात झटकेल.

एका बाबतीत मात्र वाट बघत थांबायचं नाही. तो जेवण टाकतोय, कोणाशीच, अगदी मित्रांशीही बोलत नाही, 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास' असं म्हणतोय, किंवा मरणाचं काही बोलला, तर दहा मिनिटं वगैरे विसरा. त्याला एकटं सोडू नका आणि लगेच ड्यूटीवरच्या सिस्टरला, डॉक्टरांना सांगा, रात्रीचे तीन वाजले असले तरी. घरी गेल्यावर असं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलतात. सरकारी दवाखान्यांत या वयाच्या मुलांसाठी 'मैत्री' क्लिनिकही असतात, तिथे पोराला एकट्याने बोलता येतं. नंबर मी खाली लिहून ठेवते.

चला, माझी नाईट आहे, निघते. त्या बिलवाल्या काकांना माझा नमस्कार सांगा.