केसपेपरवरची ‘निल’ ही नोंद आणि गर्भारपणातला मधुमेह
(नागपूर येथे एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘गर्भारपणातील मधुमेहाची जनुकीय कारणे’ असा छापला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु जनुकांची नावे घेण्याआधी, त्या जनुकांचा पहिला सुगावा ज्या कागदावर लागायला हवा, त्या केसपेपरविषयी बोलणे मला अधिक निकडीचे वाटते. नागपूर आणि आसपासच्या तालुक्यांतून येणाऱ्या गरोदर स्त्रियांचे केसपेपर मी रोज पाहते. त्यांवर कौटुंबिक इतिहासासाठी एक ओळ असते आणि त्या ओळीत बहुधा ‘निल’ एवढेच लिहिलेले असते.

मागे काटोलकडची एक मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात नागपूरला माहेरी आली. सोबत आई होती. आईने पिशवीतून आधीच्या दवाखान्याची फाइल काढली, तेव्हा फाइलमागोमाग मेटफॉर्मिनची अर्धी संपलेली पट्टी टेबलावर पडली. गोळ्या कोणाच्या म्हणून विचारले, तर आई म्हणाली, “माह्याच जी, शुगरच्या. लय वर्सं झाली.” मी मुलीकडे पाहिले, फाइलमध्ये तर ‘निल’ होते. ती खाली मान घालून म्हणाली, “तिथे सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, मॅडम.”

तिचे काय चुकले? लग्न ठरताना पत्रिका जुळवल्या जातात आणि मुलीच्या आईची साखर मात्र झाकली जाते. पुढे ती उघड झाली की सुनेने माहेराहून दुखणे आणले, असे म्हणायला माणसे मोकळी होतात. माझी खरी तक्रार आपल्या व्यवसायाविषयी आहे. हा प्रश्न तिला एकटीला, दार लोटून विचारायला दोन मिनिटे पुरतात, आणि तीच आपण देत नाही. शिवाय घरात कोणाला मधुमेह नाही, या उत्तराचा अर्थ पुष्कळदा कोणी कधी तपासलेच नाही, एवढाच असतो.

आधीच्या दवाखान्यातल्या पहिल्या भेटीत या मुलीची साखर ठीक होती. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, पहिली तपासणी निर्दोष असली तरी 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान ती पुन्हा करायची असते; 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचे, पोट रिकामे असण्याची अट नाही, आणि दोन तासांनी रक्तातली साखर 140 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक भरली तर निदान पक्के. नेमक्या याच आठवड्यांत आपल्याकडे डोहाळजेवण उरकून मुलगी माहेरी निघते, सासरचा दवाखाना सुटलेला असतो, माहेरचा धरलेला नसतो, आणि तपासणी मध्येच राहून जाते. हिचीही राहिली होती. आम्ही केली, आणि साखर 140 च्या बरीच वर निघाली.

संयोजकांनी वेळ संपत आल्याची खूण केली आहे, म्हणून जनुकांविषयी आता थोडक्यात सांगते. वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे गर्भारपणाच्या उत्तरार्धात प्रत्येकच स्त्रीच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, आणि स्वादुपिंडाला ते जास्त तयार करून ही तूट भरून काढावी लागते. ज्यांच्या बीटा पेशींची, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची, राखीव ताकद मुळातच बेताची, त्यांची साखर वाढते. टीसीएफ7एल2 आणि एमटीएनआर1बी या जनुकांची काही रूपे ही ताकद कमी करतात. मात्र अशी रूपे अनेक आहेत आणि एकेकट्याचा वाटा लहान आहे. त्यामुळे आज सरसकट जनुकीय चाचणीपेक्षा नीट विचारलेला कौटुंबिक इतिहासच अधिक उपयोगी पडतो. जीसीके या एकाच जनुकातला दोष मात्र याला अपवाद. त्यात उपाशीपोटीची साखर जन्मापासून किंचित चढी असते, आणि बाळात तोच दोष उतरला असेल, तर आईची साखर औषधांनी जोरात उतरवल्याने बाळाची वाढ उलट खुंटू शकते.

सुनेच्या माहेराला दोष देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ऐकावी. अमेरिकेतल्या ॲरिझोनातील पिमा या मूलनिवासी समाजात सख्ख्या भावंडांची तुलना झाली, तेव्हा आईला मधुमेह झाल्यानंतर जन्मलेल्या मुलांत तो आधी जन्मलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक आढळला. आईबाप तेच होते. फरक गर्भाशयातल्या साखरेचा होता, आणि ती साखर आपल्याला आटोक्यात ठेवता येते.

शेवटची विनंती बालरोगतज्ज्ञांना आहे. गर्भारपणात मधुमेह झालेल्या स्त्रीला पुढे टाइप 2 मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सात ते दहा पट असतो आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तिची पुन्हा तपासणी व्हायला हवी. त्यासाठी ती सहसा येत नाही, पण बाळाला दीड महिन्याच्या लसीसाठी ती तुमच्याकडे हमखास आणते. त्या दिवशी बाळाच्या लसीबरोबर आईलाही ग्लुकोजचे पाणी द्या आणि दोन तास थांबवून घ्या.